नकाशावरचा पांढरा भाग

गुरुवारी दुपारी बारा वाजता आमचा नकाशा बंद होतो. म्हणजे त्यानंतर त्यात कोणी काही बदलायचं नाही. देशात कुठे किती कोरडं पडलं आहे हे दर आठवड्याला एका नकाशावर मांडायचं, हे आमच्या ऑफिसचं काम. पाऊस, जमिनीतली ओल, धरणांतलं पाणी, विहिरींची पातळी, सगळं गोळा होतं आणि शेवटी प्रत्येक तालुक्याला एक रंग मिळतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे पिकं अडचणीत. लाल म्हणजे दुष्काळ. त्यापुढे एक तपकिरी आहे, तो लावताना खोलीत कोणी बोलत नाही. पांढरा म्हणजे ठीक.

मी बरीच वर्षं हे काम करते आहे. लाल रंगाची भीती पहिली दोन वर्षं वाटली, मग गेली. लाल झालं की फोन वाजतात, गाड्या निघतात, कोणीतरी जाऊन विहिरीत डोकावतो. पांढऱ्याकडे कोणी जात नाही. त्यातही भिण्यासारखं काही असतं हे मला या पावसाळ्यापर्यंत कळलं नव्हतं.

कामात चूक राहू नये म्हणून मी एक यादी केलेली आहे. चौदा मुद्दे, टाइप केलेले, टेबलाच्या काचेखाली. दक्षिणेकडची राज्यं बघणारी माझी सहकारी त्यांना ‘चौदा रत्नं’ म्हणते, पण गुरुवारी सकाळी तीही त्यावरूनच बोट फिरवत जाते. त्यातला नववा मुद्दा असा: ‘रिकाम्या नोंदी शेजारून भरल्या का?’ देशभरात पाऊस मोजणारी भांडी आहेत आणि ती रोज सकाळी माणसं बघतात. माणूस आजारी पडतो, लग्नाला जातो, त्याचा मोबाइल बिघडतो. त्या दिवशीची नोंद येत नाही. नकाशाला भोक ठेवता येत नाही, म्हणून कॉम्प्युटर आजूबाजूच्या केंद्रांचा पाऊस बघून ती जागा भरतो. रांगोळीत एखादा ठिपका राहिला तर आपण शेजारचे बघून टाकतो, तसंच. मी दर आठवड्याला नवव्या मुद्द्यापुढे बरोबरची खूण करत आले. यादीही माझी आणि खूणही माझी.

माझी मोठी बहीण रामटेकच्या पलीकडे एका गावात असते. तिच्या घरची धानाची शेती आहे आणि गावाला एक मामा तलाव आहे. मालगुजारीच्या काळात बांधलेला माजी मालगुजारी तलाव, म्हणून मामा. त्याच्या खाली सगळ्यांची धानाची बांधणं, म्हणजे बांध घातलेली शेतं, आणि बांधणांच्या कडेला गावाच्या पिण्याच्या तीन विहिरी. तलावात पाणी असलं की विहिरींना पाणी असतं. इतकं सरळ आहे ते. तलावाला दगडी पायऱ्या आहेत, एकवीस. वरून कोरड्या पायऱ्या मोजायच्या आणि पाणी किती ते ठरवायचं. अठरावी पायरी उघडी पडली की विहिरींत बादली तळाला लागते, हे तिथल्या कोणालाही विचारलं तरी सांगेल.

या वर्षी तलावाच्या पाण्याचं बघायची पाळी भाऊजींकडे आली होती. मोरी, म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं दार, कधी उघडायची, कोणाच्या बांधणात आधी पाणी जाईल, हे ठरवायचं. जुलै निम्मा होत आला तरी तलावाच्या बारा पायऱ्या कोरड्या होत्या. पऱ्हे हातभर वाढलेले होते. धानाची ही रोपं वाफ्यात फार दिवस ठेवता येत नाहीत. रोवणी वेळेवर झाली नाही तर ती तिथेच म्हातारी होतात. तलावातलं पाणी सोडून चिखलणी केली तर रोवणी होईल, पण वरून नवं पाणी आलं नाही तर विहिरी जातील. तलाव भरतो तो उत्तरेच्या डोंगरातून येणाऱ्या नाल्याने. गावात पाऊस नसला तरी डोंगरात असला की नाला येतो. आणि वर डोंगराच्या कुशीतल्या गावाला विचारावं म्हटलं, तर मोबाइलची रेंज मिळेलच असं नाही.

म्हणून भाऊजींनी मला फोन केला. मी प्रताप नगरात माझ्या स्वयंपाकघरात दोडके चिरत होते. फोन खांद्याला दाबून धरला होता.

“काय म्हणते तुमचा नकाशा? वर डोंगरात पाऊस आहे काय?”

“पांढरं आहे भाऊजी. दोन आठवडे पांढरंच आहे.”

“पांढरं म्हणजे?”

“म्हणजे ठीक. पाऊस जेवढा व्हायला पाहिजे तेवढा होऊन राहिला.”

“मंग नाला येईल म्हणतेस.”

“यायला पाहिजे.”

“मंग उघडू का मोरी? आठ दिवस सोडलं त साऱ्यांची चिखलणी होऊन जाते.”

मी म्हटलं, “उघडा.” दोडका कडू निघाला म्हणून मी तो बाजूला टाकला, हेही मला आठवतं. फोन दोन मिनिटांचाही नव्हता.

गुरुवारी नकाशा बाहेर पडला. रामटेकची बाजू पांढरी. शुक्रवारी मी थोडी मोकळी असते, म्हणून शुक्रवारी सकाळी साडेआठला ताईला फोन करायचा हे ठरलेलं. ती गोठ्यात होती.

“उद्या उघडतात मोरी,” ती म्हणाली. “साऱ्यांनी बाया सांगून ठेवल्या रोवणीच्या. मी पाच सांगितल्या.”

“नाला आला का?”

“नाही वं अजून. पण तू म्हणली न वर पाऊस आहे, त येईलच. यांनी साऱ्या गावाले सांगितलं, माझी साळी मोठ्या ऑफिसात आहे, तिनं नकाशा पाहून सांगितलं.”

फोन ठेवल्यावर मी डबा भरला, गॅस बंद आहे का पाहिलं, स्कूटर काढली. शंकरनगरच्या सिग्नलला उभी असताना ते माझ्या ध्यानात आलं. दोन आठवडे डोंगरात ठीक पाऊस असेल तर नाला आतापर्यंत यायला हवा होता. पंधरा दिवसांत थोडं तरी. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तेव्हा सिग्नल हिरवा होऊन बराच वेळ झाला होता.

ऑफिसात जाऊन मी नकाशा नाही, त्याच्या मागची कच्ची नोंद उघडली. त्या डोंगरी गावात आमचं एक केंद्र आहे. एक निवृत्त शिक्षक ते बघतात, फार जुने आणि फार काटेकोर. त्यांच्या रकान्यात एकोणीस दिवस काही नव्हतं. शून्य नव्हतं. काहीच नव्हतं. आणि त्या एकोणीस रिकाम्या जागांत कॉम्प्युटरने शेजारच्या दोन केंद्रांचा पाऊस भरला होता. एक केंद्र खाली मोठ्या धरणाच्या काठी, दुसरं हायवेला. दोन्हीकडे वळवाच्या सरींसारख्या दोन-चार जोरदार सरी येऊन गेल्या होत्या. त्या सरी आम्ही उचलून डोंगरात नेऊन ठेवल्या होत्या.

मी त्या शिक्षकांना फोन लावायला घेतला.

गुरुजींचा फोन सहाव्यांदा लागला.

“गुरुजी, तुमची नोंद एकोणीस दिवस आली नाही. तब्येत बरी आहे ना?”

“तब्येतीला काय झालं? रोज सकाळी साडेआठला भांडं पाहतो. तीस वर्षांत एक दिवस चुकलो नाही मी.”

“मग पाठवलं का नाही?”

“काय पाठवू? पाऊस नाही.”

मी त्या रिकाम्या चौकोनांकडे बघत राहिले. त्यांना वाटलं फोन तुटला. “हॅलो? बाई, मी सुरुवात केली तेव्हा महिन्याचं कार्ड असायचं. पाऊस पडला त्या तारखेपुढे आकडा लिहायचा. नाही पडला त जागा कोरी ठेवायची. महिना संपला की कार्ड पोस्टात. आता तुम्ही मोबाइल दिला, त मोबाइलवर बी तसंच करतो. कोऱ्या दिवशी कोरं.”

“कोरं म्हणजे शून्य, गुरुजी?”

“मंग दुसरं काय असते?”

मी विचारलं, नाल्याला पाणी आहे का.

“नाल्यात बकऱ्या चरून राहिल्या,” गुरुजी म्हणाले.

मी त्यांना मोरीचं सांगितलं. माझ्या बहिणीच्या गावाचं नाव घेतलं तर ते म्हणाले, त्या गावातले अर्धे लोक माझ्याच हाताखालचे, मी तिथं अकरा वर्षं होतो शाळेवर. मी म्हटलं, गुरुजी, तुमची वही घेऊन तिकडे येता येईल का? ते म्हणाले, पाहतो कोणाची गाडी मिळते का. आणि आवाज तुटला.

मग मी ताईला फोन लावला. पावणेअकरा झाले होते.

“भाऊजींना फोन दे.”

“ते त गेले वं तलावावर. उद्या तेरवी आहे न गावात, सारे तिकडं असतील, कोणाच्या ध्यानातच नव्हतं. म्हणून आजच उघडून राहिले. नारळ घेऊन गेले.”

“ताई, ऐक. मोरी उघडू देऊ नको. वर पाऊस नाही. माझं चुकलं.”

मागे म्हैस ओरडत होती.

“चुकलं म्हणजे?” तिने विचारलं.

“वर एक थेंब नाही. एकोणीस दिवस. तू जा आणि थांबव त्यांना. मी येते.”

“मी काय सांगू त्यांले? तूच म्हणली उघडा.”

“हेच सांग. की मी म्हटलं होतं आणि ते चूक होतं.”

भाऊजी तलावावर गेले की फोन घरी खुंटीला ठेवून जातात, पाण्यात पडू नये म्हणून. हे मला माहीत होतं, तरी मी त्यांना चार वेळा फोन लावला. चारही वेळा तो ताईच्या घरात वाजला असणार.

निघण्याआधी मी एक गोष्ट केली, आणि ती केली नसती तर बरं झालं असतं असं त्या दिवशी वाटलं. मी देशभरातली सगळी केंद्रं रिकाम्या दिवसांच्या क्रमाने लावून पाहिली. स्क्रीन भरून नावं आली. खाली सरकवलं, पुन्हा भरून आली. काही केंद्रांची नोंद दोन महिने नव्हती, काहींची त्याहून जास्त. यातले किती आजारी, किती लग्नाला गेलेले, आणि किती जण रोज सकाळी भांड्यात डोकावून, पाऊस नाही म्हणून गप्प बसलेले? पावसाळा सुरू आहे, बाजूला सरी पडताहेत आणि आम्ही त्या भरतो आहोत. जिथे सगळ्यात कोरडं, तिथूनच काही येत नाही. आणि जिथून काही येत नाही ते आम्ही पांढरं करतो.

साहेबांच्या खोलीत गेले. ते म्हणाले, “नकाशा काल निघाला. आता दुरुस्ती पुढच्या गुरुवारी.”

“नकाशाचं नाही साहेब. मी अर्धा दिवस जाते आहे.”

“काही गंभीर?”

“बहिणीकडे,” मी म्हटलं.

पर्समध्ये पाण्याची बाटली, चार्जर, कच्च्या नोंदीचा छापलेला कागद. दाराशी लटकवलेली छत्रीही घेतली, सवयीने. बसस्टँडवर येईपर्यंत ती छत्री बघून मला कसंसंच व्हायला लागलं.

रामटेकची बस कामठीत नेहमीसारखी अडकली. खिडकीतून बघत होते. आकाशात ढग होते, चांगले भरलेले दिसणारे, रोजचेच. मी पहिल्यांदा त्या ढगांकडे शत्रूसारखं पाहिलं. माझा विचार असा चालला होता: मोरी अकराच्या आत उघडली असेल. आठ दिवसांचं पाणी. बारा पायऱ्यांवरून आठ दिवसांत कुठे जाईल? तासाला इतकं धरलं तर इतकं. मी कागदाच्या मागे हिशोब केला. आकडा अठराच्या पुढे जात होता. दोनदा केला, दोनदा गेला. तीन विहिरी, दीडशे घरं, आणि मी दोडके चिरता चिरता म्हटलं होतं, उघडा.

ताईचा फोन लागत नव्हता. तीही तलावावर गेली असणार.

रामटेकहून ऑटो केला. गावात शिरण्याआधी रस्त्याच्या कडेच्या पहिल्याच बांधणात पाणी चमकलं. म्हणजे उघडली. ऑटोवाला म्हणाला, “वा, इकडं त पाणी लागलं.”

तलावाच्या पाळीवर तीस-चाळीस माणसं होती. मोरीच्या चाकापाशी ताई बसलेली. जमिनीवर, पाय पसरून, पाठ चाकाच्या खांबाला टेकलेली, पदर डोक्यावरून ओढलेला. भाऊजी तिच्यापासून दहा हातांवर उभे, तोंड फिरवून. नवऱ्याच्या आणि गावाच्या समोर माझी बहीण अशी कधी बसल्याचं मला आठवत नाही. खाली मोरीतून पाणी जात होतं, जाड, मातकट, एकसारखा आवाज करत.

“आली,” कोणीतरी म्हणालं.

“या बाई. उघडा म्हणाल्या तुम्हीच, आता बंद करा म्हणता तुम्हीच. तुमचा नकाशा रंगवते कोण? अंगणवाडीतली पोरं?” दुसरा एक म्हणाला.

काही जण हसले. मला त्या हसण्याचा राग आला नाही. मला फक्त पाण्याचा आवाज ऐकू येत होता.

मी म्हटलं, “चूक माझी आहे. नकाशात तुमच्या वरच्या डोंगरात पाऊस दिसत होता. तो पाऊस खरा नव्हता. तिथली नोंदच आली नव्हती आणि आम्ही बाजूची भरली.”

“भरली म्हणजे?” भाऊजींनी विचारलं. ते अजून माझ्याकडे बघत नव्हते.

“म्हणजे अंदाजे.”

“अंदाजे त आम्ही बी सांगतो,” एक म्हातारा म्हणाला. “त्यासाठी ऑफिस कायले पाहिजे?”

त्याच्या शेजारचा, ज्याचं बांधण मोरीच्या अगदी खाली होतं आणि भिजून झालं होतं, तो म्हणाला, “हे पाहा, वर ढग आहेत. आज उद्या येईलच. अर्ध्यात बंद केली त कोणाची रोवणी होईल, कोणाची राहील, भांडणं लागतील. पऱ्हे पिवळे पडून राहिले. आता तुम्ही म्हणता पाऊस नाही. अन आला म्हणजे?”

माझ्याकडे कागद होता. मी तो पुढे केला. त्यांनी घेतला, पाहिला, एकमेकांकडे दिला. रिकाम्या चौकोनांची एक रांग. त्यात बघण्यासारखं काही नव्हतंच.

तेवढ्यात पाळीवरून मोटरसायकल आली. मागे गुरुजी, टोपी आणि मळकट पांढरा सदरा, काखेत कापडात गुंडाळलेली वही. ते उतरले तसे तिथले चाळीशीतले दोन-तीन पुरुष आपसूक सरळ उभे राहिले. एकाने हातातली तंबाखू मागे नेली.

गुरुजींनी कोणाशी काही न बोलता वही उघडली. त्यांच्या वहीत प्रत्येक महिन्याच्या तारखा आधीच लिहून ठेवलेल्या असतात, बोरूने काढल्यासारख्या. त्यांनी बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तारीख. “नाही.” पुढची तारीख. “नाही.” पुढची. शाळेत हजेरी घेतात त्याच सुरात, प्रत्येक नावानंतर थोडं थांबत.

सातव्या की आठव्या तारखेला मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “गैरहजर, गुरुजी.”

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. “तू पण फार हजर राहायचास,” ते म्हणाले आणि पुढची तारीख वाचली. “नाही.”

एकोणीस वेळा त्यांनी ते वाचलं. शेवटी शेवटी कोणी हसत नव्हतं. त्यांनी वही बंद केली. “गाडी धरायला मी नाला पायी ओलांडून आलो. चप्पल भिजली नाही माझी,” ते म्हणाले.

भाऊजी वळले. मोरीपाशी आले आणि ताईला म्हणाले, “ऊठ.”

“बंद करता काय?”

“ऊठ म्हणतो न. तू बसली त चाक कसं फिरवू?”

चाक जुनं आहे, त्याचे आटे झिजलेले. चार माणसं लागली. अर्ध्यात अडकलं, मग एकाने घरून तेल आणलं. मोरी बसायला पाऊण तास गेला आणि त्या पाऊण तासात मी पायऱ्यांवर जाऊन उभी राहिले. बाराव्या पायरीच्या खाली दगडावर ओली रेघ होती, चार बोटं रुंद. मी बोटं लावून पाहिली. सकाळपासून एवढंच गेलं होतं. पण ती रेघ बघत मी तिथेच बसले. चार बोटं तीन-चार तासांत. आठ दिवस.

ताई येऊन शेजारी बसली. “आमचं बांधण शेवटाले आहे,” ती म्हणाली. “तिकडं पोचलंच नाही पाणी.”

“माहीत आहे.”

“पाच बाया सांगितल्या होत्या. त्यांले काय सांगू?”

मी म्हटलं, माझं नाव सांग. ती म्हणाली, “तुझं नाव सांगून सांगून त हे झालं.”

पुढचे दिवस मी कधी काढले नाहीत असे काढले. ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. पाऊस यावा असं मला वाटत होतं आणि पाऊस येईल याची भीतीही वाटत होती. दुसऱ्या दिवशी नाला धो धो वाहत आला असता तर मी एका गावाची रोवणी बुडवली असती, आणि ताईला तिथे आयुष्यभर राहायचं होतं. सकाळी उठले की आधी गॅलरीत जाऊन उत्तरेकडे बघायचं. ढग दिसले तर ताईची काळजी, नाही दिसले तर विहिरींची. दोन्हीकडून सुटका नव्हती.

ऑफिसात मी आणि माझी सहकारी, दोघींनी रिकाम्या केंद्रांना फोन करायला घेतले. ती दक्षिण, मी उरलेलं जमेल तेवढं. बरेच जण गुरुजींसारखेच निघाले. कोऱ्या दिवशी कोरं. एका ठिकाणी बाईने फोन उचलला. मी हिंदीत विचारलं, पाऊस मोजणारे आहेत का? ती म्हणाली, ते गेले, वर्ष होऊन गेलं. भांडं आहे अजून अंगणात, त्यात तुळस लावली. वर्षभर आम्ही त्या अंगणात शेजारचा पाऊस पाडत होतो. मी तिचे आभार मानले आणि यादीत त्या केंद्रापुढे ‘बंद’ असं लिहिलं. सहकारीने चहा आणून ठेवला.

साहेबांना मी सांगितलं, जिथली नोंद नाही तिथे राखाडी लावू या. ते म्हणाले, राखाडी दिसला की वरून विचारणा होईल. मी म्हटलं, व्हायलाच पाहिजे. पेन फिरवत शेवटी त्यांनी हो म्हटलं. पुढच्या गुरुवारी नकाशा बंद झाला तेव्हा पांढरा बराच कमी होता. तो राखाडी बघून माझी सहकारी म्हणाली, “किती घाण दिसतोय गं.” मी नववा मुद्दा खोडला आणि हाताने वर लिहिलं: ‘नोंद नाही तिथे फोन.’

रामटेकची बाजू आधी नारिंगी झाली, नंतर लाल. गाडी गेली, कोणीतरी तिन्ही विहिरींत डोकावून गेला. नाला आला नाही. श्रावण सरताना दोन सरी आल्या, रस्ता भिजवून गेल्या. ज्यांची बांधणं त्या दिवशी भिजली होती त्यांनी घाईने रोवणी केली होती. त्यातलं आता अर्धं उभं आहे. ताईने पऱ्हे उपटून म्हशीला घातले. भाऊजी माझ्याशी बोलतात, पण नकाशाचं विचारत नाहीत. मी बरोबर ठरले असं मला कोणी म्हणालं नाही आणि मलाही तसं वाटत नाही. पाणी पिकाला गेलं नाही, एवढंच. ते उन्हाने जातंच आहे.

गुरुजी आता रोज सकाळी पावणेनऊला शून्य पाठवतात. त्यांच्या मागोमाग ताईचा फोन येतो. हे आमचं त्या दिवसापासून ठरलेलं आहे. ती पाणी भरायला जाताना पायऱ्या मोजते. मी तिच्यासाठी वेगळी वही केली आहे, तारखा आधीच लिहून.

आज सकाळी तिने फोन केला तेव्हा मागे बादल्यांचा आवाज होता. बायकांची रांग असावी.

“किती?” मी विचारलं.

“कालच्याएवढ्याच.”

“कालच्याएवढ्या म्हणजे किती, ताई?”

“कालच्याएवढ्या म्हणजे कालच्याएवढ्या वं. काल सांगितलं न तुले.”

“आकडा सांग.”

तिने बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

“सतरा,” ती म्हणाली.

मी आजच्या तारखेपुढे सतरा लिहिलं.